कडेला लागलेला चेंडू

तो चेंडू टेबलाच्या कडेला लागला होता. मी पाहिला होता. तरीही मी ‘नाही’ अशी मान हलवली. हे अजून बायकोला सांगितलेलं नाही.

माझी चौदा वर्षांची मुलगी इथे आखातात, बौशरच्या एका क्लबात टेबल टेनिस शिकते. शिकवणाऱ्या बाई हंगेरीच्या, तरुणपणी त्यांच्या देशाच्या विजेत्या. जावई इथे नोकरीला, म्हणून त्या इथे. गुडघे गेलेत, खुर्चीत बसून शिकवतात आणि कुणी रेंगाळलं की ‘यल्ला, यल्ला!’ ओरडतात. मी रत्नागिरीचा, एसीच्या कामावर सुपरवायझर, कॉलेजात थोडाफार खेळलेला. बाईंच्या पहिल्या राष्ट्रीय अंतिम सामन्याचा जुना, धुरकट व्हिडिओ मला फोनवर सापडला होता. तो मी मुलीला जेवतानासुद्धा दाखवायचो. शेवटच्या क्षणी ती कोवळी पोरगी खेळ थांबवून बाकावरच्या वडिलांकडे बघते, आणि जिंकते.

“बघ, आधी वडिलांकडे बघितलं तिने,” मी म्हणायचो.

“बाबा, आमटी सांडेल,” मुलगी म्हणायची.

क्लबात पंच नसतो. चेंडू कडेला लागला की गुण मारणाऱ्याचा; पण लागला हे ज्याच्या बाजूला लागला त्यानेच सांगायचं, हा बाईंचा नियम. गेल्या शुक्रवारी दुबईच्या स्पर्धेसाठी एकच मुलगी निवडायची होती. माझी मुलगी एका गुणाने पुढे होती, अजून एक मिळाला की सामना तिचा. समोरच्या केरळी मुलीने जोरात फटका मारला, चेंडू आमच्या बाजूची कड घासून खाली गेला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. बाई पाठमोऱ्या, बाटलीत पाणी भरत होत्या. मी मान हलवली.

“आउट,” मुलगी म्हणाली. सामना संपला. केरळी मुलीने क्षणभर टेबलाच्या कडेकडे पाहिलं आणि मुकाट्याने हात मिळवला.

मुलगी बूट बदलायला गेली तेव्हा बाईंनी मला जवळ बोलावलं. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण शब्द न् शब्द कळला.

“कडेचा आवाज वेगळा असतो. तुम्हाला नाही ऐकू आला?”

मी मुलीची बॅग उचलली.

“माझं पहिलं विजेतेपद असंच आलं,” त्या म्हणाल्या. “पंचाने मला विचारलं, तेव्हा मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. पुढे मी खूप जिंकले. त्यांना मात्र पुन्हा एकाही सामन्याला येऊ दिलं नाही. ते गेले त्या दिवशी मी परदेशात खेळत होते. तो सामनाही जिंकले.”

म्हणजे तोच व्हिडिओ. मी रोज कौतुकाने माझ्या लेकीला तेच शिकवत होतो.

घरी जाताना गाडी दार्सैतच्या रस्त्याला लागल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, मला साउंड आला होता.”

“मग माझ्याकडे का पाहिलंस?”

“तूच सांगायचास ना, बघायचं म्हणून. मला वाटलं, तू ‘हो, लागला’ म्हणशील.”

मी गाडीचा वेग कमी केला.

“गाडी वळव. मला सांगायचंय त्यांना.”

पुढच्या राउंडअबाउटवरून मी गाडी वळवली. क्लबच्या दाराशी मीही उतरायला लागलो, तर ती म्हणाली, “तू नको येऊस.”

मी थांबलो. काचा वर, एसी चालू. आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, आणि माझ्या शेजारी न बसता मागच्या सीटवर जाऊन बसली.