फक्कीची रेघ

आमच्या शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास मूल्यशिक्षणाचा. वेळापत्रक ठरलं त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. रिह्याच्या खोऱ्यातली शाळा, नववीचा वर्ग, दप्तरं आधीच पाठीला लावलेली. अशा वेळी 'समाजातील प्रश्न आणि आपली भूमिका' शिकवायची म्हणजे जेवणाच्या पंगतीत पोथी वाचायला बसण्यासारखं.

पहिल्याच शुक्रवारी मी विचारलं, डोंगराला वणवा लावावा का? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "नाही बाई, पर्यावरणाचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य आहे." एरवी 'हाय' आणि 'न्हाई' करणारी ही पोरं खोटं बोलायचं झालं की पुस्तकासारखी बोलतात. खिडकीतून शाळेमागचा डोंगर दिसत होता, उन्हाळ्यात जळून अजून काळाठिक्कर पडलेला. "मग हा कुणी पेटवला? मी?" असं म्हटल्यावर शेवटच्या बाकावरून उत्तर आलं, "बाई, जाळल्यावर गवत चांगलं येतं." हे चुकीचं होतं, पण त्याचं स्वतःचं होतं. तोंडानं मी त्याला रागावले. मनातून त्याची पाठ थोपटावीशी वाटली.

पुढच्या शुक्रवारपासून मी वर्ग मैदानावर नेला. कबड्डीसाठी चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं आखलेली मधली रेघ तिथं होतीच. पटतं ते या बाजूला, पटत नाही ते त्या बाजूला, रेघेवर कुणी उभं राहायचं नाही. आणि एक नियम: बोलायचं असेल त्यानं आधी दुसऱ्या कुणाचं तरी कारण सांगायचं. ज्याचं आहे तो 'व्हय, हेच' म्हणाला, तरच पुढं आपलं बोलायचं.

पण एक अडचण निघाली. पोरं आधी माझ्याकडे बघायची आणि मग बाजू धरायची. माझ्या पोटातलं तोंडावर दिसतं, हे माझी आई मी चौथीत असल्यापासून सांगत आली आहे. म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायला लागले. तर ही कार्टी म्हणायची, "बाईंचा कान लाल झालाय, पळा तिकडं." शेवटी ओढणी डोक्यावरून घ्यायला लागले. मैदानावरून जाणाऱ्यांना वाटत असेल, बाईंना शिक्षा झालीय. माझा आठवड्यातला सगळ्यात आवडता तास तो झाला, हे मात्र खरं.

वर्गात एक मुलगी होती. फटकळ, माझ्यासारखीच. त्यामुळे माझी लाडकी, आणि त्यामुळेच सगळ्यात जास्त बोलणी खाणारी. एका शुक्रवारी ती म्हणाली, "बाई, आज माझा प्रश्न घ्या. माझ्या आत्यानं हक्कसोडीवर सही करावी का?"

इकडे हा शब्द पोराबाळांनाही ठाऊक. जमिनीला भाव आला, तसा सातबाऱ्यावरच्या बहिणींच्या नावांनाही आला. विकायची वेळ झाली की भावाला बहीण आठवते. तो गाडी घेऊन तिच्या सासरी जातो. पौडच्या कचेरीत सही होते, तिचा वाटा सुटतो, मग हॉटेलात जेवण, हातात एक साडी, आणि संध्याकाळी बहीण परत सासरी. भांडण नाही, तंटा नाही, सगळं कसं गोडीत. या मुलीच्या वडिलांना शेत एका फार्महाऊसवाल्याला विकून त्या पैशात, कंपन्यांजवळच्या माण गावातल्यासारख्या भाड्यानं द्यायच्या खोल्या बांधायच्या होत्या. आत्या वेल्ह्याकडे दिलेली, बऱ्याच दिवसांत माहेरी आलेली नव्हती. आता ती येणार होती, सहीसाठी.

मी पाठ फिरवली. मागं पावलांचा आवाज झाला, आणि सगळी पावलं एकाच दिशेला गेली. सही करावी. पोरं तर गेलीच, पोरीही गेल्या. पलीकडे एकटी ती.

"वाटा मागितला की माहेर तुटतं," एक मुलगा म्हणाला.

"माझ्या आईनंबी केली सही," एक मुलगी म्हणाली. "मामा दर दिवाळीला साडी देतो की."

"मग उद्या तुझ्या भावानं मागितली तर तू करशील?" पलीकडून हिनं विचारलं.

अलीकडून उत्तर आलं, "व्हय."

ओढणीखाली माझे कान पेटले होते. मुलीचा वाटा मुलाइतकाच, हा कायदा मी पाठमोरीच सांगितला. पण तो त्यांना आधीच पाठ होता. अडलं होतं ते माहेरापाशी. मला इतकं बोलायचं होतं, इतकं बोलायचं होतं, की जीभ चावून तोंडात रक्त यायचं बाकी राहिलं. तास संपला तेव्हाही ती पलीकडे एकटीच होती. दप्तर उचलून घरी गेली.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. मधली सुट्टी होती. समोरच्या अंगणवाडीपाशीच त्यांना येताना बघितलं आणि म्हटलं, संपला आपला शुक्रवार.

"बाई, तुमी पोरीला काय शिकवलंय?"

"जे शिकवलंय ते उघड्या मैदानावर शिकवलंय," मी म्हटलं. मला भीती वाटली की माझा आवाज चढतो.

"तसं न्हाई वो. बसा जरा." ते पायरीवर बसले, मग मीही बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. सहीच्या आदल्या दिवशी त्यांची अक्का, म्हणजे या मुलीची आत्या, घरी आली. चहा झाला. तेवढ्यात या पोरीनं चुलीतली राख आणून अंगणात रेघ ओढली आणि सगळ्यांना उभं केलं. सही करावी या बाजूला सगळ्यात आधी अक्काच जाऊन उभी राहिली. मग मुलीची आई. मग हसत हसत तेही. पलीकडे पोरगी एकटी, इथल्यासारखीच.

"मी म्हणलं, बघ, तुझी आत्याच आमच्याकडं हाय, मिटलं. तर म्हणती, पप्पा, नियम हाय. तुमी बोलायच्या आधी आत्याचं कारण सांगा. तिला पटलं पाहिजे. मी म्हणलं, त्यात काय अवघड? अक्काला हाव न्हाई, म्हणून. अक्का काय बोलंना. मी म्हणलं, भावावर माया हाय, म्हणून. तरी गप. माया हायच की वो, पण 'व्हय' म्हणंना. मग माझ्या तोंडातनं निघून गेलं, सही न्हाई केली तर भाऊ परत दारात उभं करायचा न्हाई, म्हणून." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तवा अक्का म्हणाली, व्हय, हेच."

 

"मला कडेवर घेऊन वाढवलंय तिनं, बाई. आई शेतात असायची. आन तिच्या मनात माझं हे भ्या. कारण हुडकाया गेलो, तर कारण मीच निघालो." ते मैदानाकडे बघत होते. पोरांनी खेळून खेळून फक्कीची रेघ पार पुसून टाकली होती. "पौडला गेलो न्हाई आमी. अक्का तशीच परत गेली. आता मी कुटं उभं राहू, त्येवढं सांगा."

आता, मला भाजी कशी चिरावी यावरही मत असतं. शेजारणीच्या सुनेनं कोणत्या रंगाचा पडदा लावावा यावरही असतं. आणि इथं तर एक बाप स्वतःहून विचारायला आला होता. पण आत, खिडकीच्या गजाला नाक लावून ती पोरगी उभी होती, आणि बाई स्वतःचं मत न सांगायचा आपला नियम पाळतात का ते बघत होती.

"ते मी मुलांनाही सांगत नाही," मी म्हटलं. "अक्कांनाच परत विचारा. फक्त आधी सांगा की काही झालं तरी दार उघडं आहे. आणि मग विचारा."

एवढं सांगितलंच शेवटी. जीभ ती जीभच.

ते मान हलवून गेले. पुढं काय झालं ते मुलीनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. न विचारता राहणं मला किती जड गेलं, हे माझ्या नवऱ्याला विचारा. घरात रोज तोच विषय. उन्हाळ्याची सुट्टी लागली. मुलगी दहावीत गेली. वर्ग तोच, शुक्रवार तोच.

मग जुलै आला आणि भाताची लावणी सुरू झाली. आवणी म्हणतात इकडे. दरवर्षी आवणीला निम्मा वर्ग गायब होतो आणि दरवर्षी मी चिडते. बापाच्या शेतात आवणी, चुलत्याच्या शेतात, मामाच्या शेतात, सगळी कारणं माझी ऐकून झालेली आहेत. त्या दिवशी हजेरी घेताना हिचा आवाज आला नाही. दहावीचं वर्ष, आणि हिनंही दांडी मारावी! मी फणकाऱ्यानं विचारलं, "ही कुठं उलथली?"

तिच्या शेजारी बसणारी म्हणाली, "बाई, ती न्हाई यायची. तिच्या आत्याच्या शेतात आवणी हाय."

"एवढ्या लांब वेल्ह्याला गेली?"

"वेल्ह्याला कशाला? हितंच की. ओढ्याकडलं भाताचं खाचर आत्याच्या नावावर ठेवलंय. आत्या आलीय, आठ दिस राहणार हाय."

ही मुलगी तीच होती, त्या शुक्रवारी 'व्हय' म्हणालेली. तिनं ते इतक्या सहज सांगितलं, बापाच्या शेतात सांगावं तसं. इतक्या वर्षांत आत्याच्या शेतातली आवणी मी पहिल्यांदा ऐकत होते.

वर्ग माझ्याकडे बघत होता, बाई आता ओरडतील म्हणून. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.