अबॅकसच्या क्लासबाहेर

सेक्टर बावीसमधल्या अबॅकसच्या क्लासबाहेर, जिन्याच्या पायरीवर ती मला रोज दिसायची. नाव कधी विचारलं नाही. फोनवर मराठी बोलताना ऐकलं होतं, म्हणजे आमच्यासारखीच बदलीवर इकडे उत्तरेत आलेली माणसं, एवढीच ओळख. मांडीवर मुलीची वॉटरबॅग, डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले, तरी बोटांचा घड्याळाशी चाळा चालूच. तिची पाच वर्षांची मुलगी तीन आकडी बेरजा तोंडी करायची. माझ्या लेकाला वीसच्या पुढे मोजता येत नव्हतं. मला त्या बाईचा हेवा वाटायचा.

एकदा म्हटलंच, "फार हुशार आहे हो तुमची मुलगी."

डोळे न उघडता ती म्हणाली, "हो ना. मी दिवसातून किती वेळा 'चल लवकर' म्हणते, तेही ती मोजते. आज सव्वीस झालेत. अजून स्केटिंग राहिलंय."

दार उघडलं. मुलगी बूट घालायला खाली बसली. बाईच्या तोंडून सवयीनं निघालंच, "चल लवकर."

"सत्ताईस," मुलगी हिंदीत म्हणाली, बेरजेचं उत्तर सांगावं तशी.

मागून माझा लेक आला, बूट उलटसुलट घालून, रमतगमत. त्याला वीसच्या पुढे येत नाही, याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं.