हरळी कापायची मोटार

आमचं वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच सुमारास मला लॉनची बाधा झाली. अमरावतीला कॅम्पाकडे नवं घर बांधलं होतं, वकिली बरी चालत होती आणि भिंतीपलीकडे एक न्यायाधीश राहत होते. त्यांच्या बंगल्यापुढे हिरवंगार लॉन. मग माझ्या घरापुढे नुसती भेगाळलेली काळी माती कशी चालेल? मी हरळी लावली. हो, तीच हरळी, जी उपटता उपटता हिवरखेडला माझ्या बापाची कंबर वाकली. मी तिला आणून विहिरीचं पाणी पाजलं. शेतकऱ्याच्या पोराला अक्कल यायला वेळ लागतो, जायला लागत नाही.

तेवढ्यात अकोल्याचा एक जिनिंगवाला गोरा साहेब विलायतेला परतला. त्याच्या सामानाच्या लिलावात मला गवत कापायचं यंत्र मिळालं. पेट्रोलवर चालणारं, पुढे फिरती पाती, मागे जाडजूड लोखंडी रूळ आणि वर बसायला सीट. कापसाच्या ट्रकवरून ते उतरलं तेव्हा बघायला अर्धा मोहल्ला जमला. मी टाय लावून सीटवर बसलो, दोन फेऱ्या मारल्या आणि लॉन संपलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा. तिसऱ्या फेरीत बायकोची तुळस थोडक्यात वाचली.

"यापेक्षा उसाचा चरक आणला असता त रस तरी पेलो असतो," ती म्हणाली. ती अकोल्याची. तिथली माणसं तोंडावर बोलतात.

दर रविवारी मी यंत्राची निगा राखायचो. सोबत आलेली इंग्रजी पुस्तिका भाडे-कायद्यासारखी वाचायचो, कलमं आणि पोटकलमं पेन्सिलीनं खुणा करत. तिच्यात लिहिलं होतं, साखळीला आणि पात्यांच्या दांड्याला अमुक तेल द्या. ते तेल अमरावतीत मिळेना. मग मला लहानपण आठवलं. हिवरखेडला माझा थोरला भाऊ, दादा, बैलगाडीच्या आसाला तेल घालायचा, दाट, उग्र वासाचं. कोणतं बरं? घरात जवसाचं होतं. तेही दाट, तेही उग्र. म्हटलं, हेच ते. हिवाळ्यात यंत्र झाकून ठेवण्याआधी मी सगळीकडे सढळ हातानं जवस ओतलं आणि वर गोणपाट टाकलं.

पुढच्या पावसाळ्यात गोणपाट काढलं तर पाती हलेनात. इंजिन फुरफुरायचं आणि गुदमरून बंद पडायचं. मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री बोलावला. त्यानं प्लग बदलला, मॅग्नेटो खोलला, कार्बुरेटर धुतला, सगळं परत जोडलं आणि उरलेले तीन स्क्रू माझ्या हातावर ठेवले. "विलायती माल आहे साहेब, याले इथलं पाणी मानवत नाही," असं निदान करून तो चहा पिऊन गेला. हरळी गुडघ्याला आली. न्यायाधीश भिंतीवरून बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्याचाच जास्त राग यायचा.

"तुमच्या दादाले कार्ड टाका," बायको म्हणाली.

दादा चार वर्षांत माझ्या घरी आला नव्हता आणि त्याचं कारण मी होतो. बाप गेल्यावर दादानं चौथीत शाळा सोडून नांगर धरला आणि मला नागपूरला कॉलेजात घातलं. माझ्या वास्तुशांतीला तो धोतर-टोपीत आला होता. न्यायाधीशांनी विचारलं, हे कोण? मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत." दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं, जेवला आणि संध्याकाळच्या मोटारीनं गेला. नंतर दर वर्षी तुरीचं पोतं यायचं, दादा यायचा नाही. आणि मी असा निगरगट्ट की पत्रात विचारायचो, कावून येत नाही? यंत्र गेलं खड्ड्यात, मला दादा हवा होता. पण हे कार्डावर कसं लिहिणार? मी लिहिलं, मशीन अडकली आहे, येऊन बघशील का.

पोळा झाल्यावर तिसऱ्या दिवशी दादा फाटकात उभा होता. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यानं गवत बघितलं.

"हे त हरळी हाय."

"हो."

"अन् तू इले पानी देऊन राहिला?"

"हो."

"कापून कोनाले टाकतं?"

"कोणालाच नाही."

दादानं माझ्याकडे असं बघितलं की मला माझी सनद परत करावीशी वाटली. मग तो यंत्रापाशी उकिडवा बसला, साखळीवर बोट फिरवलं आणि चाटलं. "जवस व्हय हे. वाळून डिंक झाला याचा. आसाले एरंडीचं घालतेत रे वकिला, जवस भाकरीसंगं खातेत." त्यानं रॉकेल मागितलं आणि दुपारपर्यंत एकेक कडी घासली. बायकोनं एरंडेलाची बाटली आणून दिली. दोरी ओढली आणि यंत्र सुरू झालं. सीटवर दादा बसला, बैल हाकल्यासारखा जीभ टाळूला लावून आवाज करत.

न्यायाधीश भिंतीपाशी आले. "वकीलसाहेब, मेकॅनिक चांगला मिळाला हो."

"मेकॅनिक नाही," मी इंजिनाच्या वरताण आवाज चढवून म्हणालो. "माझा सख्खा थोरला भाऊ. यानंच मला वकील केलं."

दादानं वळून पाहिलं नाही. ऐकलं की नाही, ते मला कळलं नाही. कापलेल्या गवताचा त्यानं भारा बांधला आणि कंडक्टरशी भांडून तो मोटारीच्या टपावर चढवला. आठवड्यानं कार्ड आलं. बैलांनी खाल्लं, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात बायको माहेरी गेली असताना मी जवसाची बाटली काढली आणि साखळीवर ओतली. वाळायला वेळ हवा ना. पोळ्याच्या सुमारास कार्ड टाकलं, मशीन पुन्हा अडकली. दादा आला. त्याच्या पुढल्या वर्षीही आला. सगळा मोहल्ला मला बावळट समजू लागला, आणि बायको तर आधीपासूनच समजत होती. असं सहा-सात वर्षं चाललं. दादा साखळी चाटायचा, "जवस व्हय," म्हणायचा आणि रॉकेल मागायचा.

एका वर्षी बायकोनं जवसाचं तेल चटणीवर घालून संपवलं. बाटलीच्या तळाशी दोन चमचे उरले होते, तेवढेच मी घातले. दादानं साखळीवर बोट फिरवलं, चाटलं आणि रॉकेलचा डबा पुढे ओढत म्हणाला, "यंदा जवस कमी टाकलं रे तू."