मास्तरांची वळकटी
सतरंजीला ऊन दिलं की त्या वासानं मुरूम गावचे आमचे इंग्रजीचे मास्तर आठवतात. ते आपली सतरंजीची वळकटी वर्गात आणून माझ्या खांद्यावर देत. “पोर्ट म्हंजी वाहून नेणं. दारातनं आत आणली तर इंपोर्ट, भाईर नेली तर एक्सपोर्ट, खालनं हात दिला तर सपोर्ट. वाकू नकूस, जेवून आलास का न्हाय?” पुढं तिरंगा लावला म्हणून निजामाच्या पोलिसांनी त्यांना हद्दपार केलं. तीच वळकटी डोक्यावर घेऊन ते बाजारातनं निघाले. मला पाहून हसले, “डिपोर्ट ऱ्हायला हुता की रं!” वळकटी घसरत होती. खरं सांगतो, पोलिसांना भिऊन मी हात दिला नाही. आता मीही हेच शब्द शिकवतो. सपोर्टचा अर्थ मात्र पोरांकडूनच वदवून घेतो.