खांद्यावरची गाठ

आज सकाळी वाटीत तिळाचं तेल कोमट केलं आणि त्या वासासरशी सुकदेवकाका आठवले.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला एका सरांकडे मालिश शिकत होतो. काका मूळचे नामपूरचे, नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या गोदामात हमाली करायचे. कंबर धरली म्हणून ते आमच्याकडे आले. मी कंबर चोळायचो, पण माझा डोळा त्यांच्या खांद्यावरच्या लिंबाएवढ्या गाठीवर. सरांनी सांगितलं नव्हतं, तरी चार दिवस तेल जिरवून जिरवून मी ती मऊ केली. स्वतःवर भलताच खूश होतो.

पाचव्या दिवशी काका आले ते खांदा सोलवटून. सदरा रक्ताने चिकटला होता.

"गोणी तिच्यावरच बसायची, डॉक्टर," ते ओशाळून म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. "आता परत घट्ट व्हायला लय दिवस लागतील." मग निमूट पालथे झोपले. "आज कंबरच करा फक्त."

मी ज्याला दुखणं समजलो होतो, ते त्यांचं अवजार होतं. हे पुरतं कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

अजूनही नवीन माणूस आला की तेलाला हात लावण्याआधी मी विचारतो, "काम काय करता?" लोकांना वाटतं, मी गप्पिष्ट आहे.