भरपाईची बटणं

निजामुद्दीनला उतरले तेव्हा धाकटी बहीण वसुधा गाडी घेऊन आली होती. दिल्ली मागे पडली आणि मोहरीची पिवळी शेतं लागली. त्यांच्यामधूनच अर्धवट इमारतींचे सांगाडे वर आलेले.

"पुढच्या वेळी यातलं एकही शेत दिसणार नाही, यार," वसुधा म्हणाली. गुडगावात तिचा नवा फ्लॅट होता.

सकाळी शेजारच्या गावातून एक म्हातारी दूध घालायला यायची. नाव भरपाई. मुली आता पुरे, अशा अर्थाने तिकडे हे नाव ठेवतात. आपल्याकडची नकोशीच की! तिच्या कुड़तीवर (आखूड सदऱ्यावर) छातीशी चांदीची बटणं होती, साखळीने एकमेकांना जोडलेली. ती शिवलेली नसतात. काजांतून ओवायची आणि कुड़ती धुताना काढायची. आईने लग्नात दिली होती, म्हणाली.

तिची नात सुमन जवळच्या काचेच्या इमारतीत नोकरीला लागली होती. ती इमारत यांच्याच विकलेल्या शेतावर उभी. भरपाईला नातीचं ऑफिस बघायचं होतं. मी रिकामीच होते, सोबत गेले.

दारातल्या शिपायाने तिच्या अंगावरून यंत्र फिरवलं. ते किंचाळलं.

"अम्मा, ये बटन निकालकर यहाँ रखो."

"इन्हें काढ़ दूँ तो कुड़ती क्यूकर रुकैगी?" (ही काढली तर सदरा कसा राहील?)

शिपाई ओशाळला, पण हटेना. लोक थांबून बघू लागले. मी तिला खांबाआड नेलं, बांगडीतल्या दोन सेफ्टी पिना काढल्या आणि तिची कुड़ती नीट बंद केली. बटणं तिने स्वतःच्या हाताने शिपायापुढे ठेवली.

वर सुमन धावत आली. "दादी, मेरा कंप्यूटर देख! उधर अपना कुआँ था!" भरपाई मान हलवत राहिली. पिना घट्ट होत्या, तरी छातीवरची ओढणी तिने मुठीत आवळून धरली होती. नातीने हात पुढे केला, तरी ती मूठ सुटली नाही.

खाली येताच तिने बटणं मागून घेतली. खांबाआड जाऊन एकेक लावली, साखळी सरळ केली आणि दीर्घ श्वास घेतला. मग माझ्या पिना परत देत विचारलं, "ऊपर के था, बेटी? मन्नै तो कुछ देख्या ए कोनी." (वर काय होतं? मी तर काही पाहिलंच नाही.)

घरी परतल्यावर सगळे कौतुकाने विचारतात, एवढ्या उंचावरून काय काय दिसलं? वर होतो तितका वेळ मी तिच्या मुठीकडेच बघत होते.