उरलेलं फूल

केंट्स कॉर्नर गावात ऑरिन प्रॅटइतका बुजरा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि युनिटेरियन चर्चच्या दारात उभं राहून आल्यागेल्याचं स्वागत करायचं काम नेमकं त्याच्याकडे. जन्मभर त्यानं शाळेची बस चालवली, तीही पोरांकडे पाठ करून. बोलायची सवय लागलीच नाही. दारात तो नुसती मान डोलवी, आणि नव्या माणसांना तेच बरं वाटे.

तरुणपणी एका दुसऱ्या चर्चमध्ये त्याला कोणीतरी विचारलं होतं, तुझी श्रद्धा नेमकी कशावर? ऑरिन आठवडाभर विचार करत बसला आणि पुन्हा तिकडे फिरकलाच नाही. इथं तसं कोणी विचारत नाही. चुकून विचारलंच, तर दहा माणसं बारा उत्तरं देतात आणि कॉफी निवून जाते.

जूनमधल्या फुलांच्या रविवारी मात्र इथं एक नियम असतो. प्रत्येकानं एक फूल आणून टेबलावर ठेवायचं आणि जाताना दुसऱ्याचं न्यायचं. स्वतःचं न्यायचं नाही, आणि कोणासाठी आणलं ते आधी सांगायचं नाही. देव आहे की नाही यावर ज्यांचं एकमत नाही, त्यांची ही एवढी रेघ दगडावरची.

यंदा ऑरिननं परसातलं पिओनीचं फूल आणलं होतं, वाडग्याएवढं, गुलाबी. कॉफी करणाऱ्या डॉरकस लीव्हिटबाईंना पिओनी आवडते हे त्याला ठाऊक होतं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना जेवायला बोलवायचं दोन वर्षं ऑरिनच्या ओठांवर होतं आणि तिथंच राहिलं होतं. त्यांनी फूल उचललं की म्हणायचं, "ते माझं." पुढचं जमेल तसं.

"एवढं कोणासाठी रे?" शेजारी बसलेल्या मिल्टननं विचारलं.

"जो घेईल त्याच्यासाठी."

"जो, की जी?"

ऑरिनचे कान तापले.

प्रवचन संपलं, रांग लागली. आता दुसरंच कोणीतरी ते उचलणार, या धास्तीनं ऑरिन बाकाची कड धरून बसला. पहिल्या बाईंनी पिओनीकडे हात नेला, थबकल्या आणि शेजारची सुकलेली डेझी घेतली. "इतकं छान आहे, दुसऱ्या कोणाला मिळू दे." मागच्यानंही तेच केलं. त्याच्या मागच्यानंही. ऑरिनला आधी हायसं वाटलं, मग जरा अपमान वाटायला लागला.

सगळ्यात शेवटी डॉरकसबाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या. टेबलावर दोनच फुलं उरली होती, पिओनी आणि गवतातलं एक पिवळं तण.

"तण माझंच," त्या म्हणाल्या. "फूल आणायला विसरले, गाड्या लावतात तिथून उपटलं. आणि हे गुलाबी राहू दे. कोणा आजाऱ्याला पाठवू."

त्या वळल्या. आता गप्प राहिलं तर फूल दवाखान्यात जाणार.

"आजाऱ्याला नको," ऑरिन म्हणाला. आवाज फारच मोठा निघाला. "तुमच्यासाठी आणलंय."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगायचं नसतं ना. नियम आहे."

डॉरकसबाईंनी फूल उचललं. ऑरिननं ते तण कोटाच्या काजात खोवलं, खाकरला आणि म्हणाला, "संध्याकाळी जेवायला याल? कालचे बीन्स उरलेत."

"उरलेलं फूल, उरलेले बीन्स," त्या म्हणाल्या. "काही ताजं मिळेल का तुमच्याकडे?"

ऑरिननं प्रामाणिकपणे विचार केला. "पाव आणतो."

"मग सहाला येते."